उरलेल्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या

७ डिसेंबर १९८७, सोमवार

आज मुंबईहून कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. मुकुंद डॉक्टर हात धूत होते, म्हणून मलाच वाचायला सांगितलं. हर्नियाच्या ऑपरेशनात पोटाला आतून आधार म्हणून जी जाळी शिवतो, तिच्या एका लॉटमध्ये दोष निघाला आहे. काही महिन्यांनी धागा कडक होऊन तुटतो आणि भोवती पू धरतो. लॉट क्रमांक ४४१७. शिल्लक माल परत करा, ज्यांना बसवली त्यांना बोलावून तपासा. त्रास असेल त्याच्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई कंपनी देईल. मात्र केसपेपरवर पाकिटाचं लेबल चिकटवलेलं हवं, आणि अर्ज ३१ मार्चच्या आत यायला हवा.

केसपेपर काढले. ४४१७ चं लेबल चार जणांच्या कागदांवर सापडलं. चौघांना पत्रं लिहिली, पत्ते मीच घातले. डॉक्टर म्हणाले, "चारच आहेत, सुटलो."

मीही "हो" म्हटलं. उरलेले तुकडे आठवले ते संध्याकाळी, सक्करदऱ्याच्या बसमध्ये बसल्यावर.

८ डिसेंबर, मंगळवार

काल अर्धवट लिहिलं. इथे तरी पूर्ण लिहावं.

जाळी हातरुमालाएवढी येते आणि एका माणसाला निम्मी पुरते. ज्याने विकत घेतली त्याला लावून उरलेली मी कापून घेत असे. हिरव्या कापडात गुंडाळून पुन्हा ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करायची आणि ज्याची ऐपत नाही त्याला फुकट लावायची. ही माझी कल्पना. डॉक्टरांनी होकार दिला, कौतुकही केलं. पाकिटावर इंग्रजीत ठळक छापलेलं होतं की एकदाच वापरावी, पुन्हा निर्जंतुक करू नये. पहिल्याच दिवशी मी ते त्यांना दाखवलं होतं. ते म्हणाले, "कुसुमताई, हे अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलंय. त्यांना जुन्या लुगड्याची गोधडी शिवणं कुठे ठाऊक?" आम्ही दोघंही हसलो होतो.

माझा एक रिवाज होता. ज्याची जाळी, त्याच्या घरच्यांना मी सांगायची, "तुमच्यातला उरलेला तुकडा एका गरिबाला लावतोय, पुण्य लागेल." ते हात जोडायचे. ज्याला लावला त्याला मात्र कधी सांगितलं नाही. उपकाराचं ओझं कशाला. त्याच्या केसपेपरवर "टाके घालून दुरुस्ती" एवढंच असे.

उद्या डॉक्टरांना आठवण करून देईन.

१२ डिसेंबर, शनिवार

आठवण करून दिली नाही. ऑपरेशन थिएटरात, ओ.टी.त, रोज चार-चार केसेस होत्या.

आज भैयाजी तपासून गेले. इतवारीत त्यांचं धान्याचं दुकान आहे, चौघांपैकी पहिले तेच आले. त्यांना काही त्रास नाही. पोटावर थाप मारून म्हणाले, "सिस्टरबाई, कंपनीची जाळी बिघडली असंन, पर भैयाजीचं पोट पक्कं हाय!" जाताना दारातून वळले. "आन तो आपला गरीब कसा हाय वं? ज्याले माहा तुकडा लावला होता?"

"बरा आहे," मी म्हटलं.

भैयाजींचा तुकडा कोणाला लावला होता, हे त्या क्षणी मला आठवतही नव्हतं.

२८ डिसेंबर, सोमवार

आठवलं. तोच आज दारात उभा होता.

चंपतराव. रामटेकजवळच्या राइस मिलमध्ये पोती उचलतो. एप्रिलमध्ये त्याचं ऑपरेशन झालं. सोबत बायको जयवंता. जांघेत जखमेच्या जागी बारीक तोंड पडलंय आणि तीन महिन्यांपासून पू येतोय. डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं, साखर तपासायला सांगितली आणि मला ड्रेसिंग करायला सांगून गेले.

जयवंता दाराकडे पाहून म्हणाली, "डॉक्टरसाहेबाले वास येऊन राहिला असंन. आमाले तीन महिन्यांपासून येऊन राहिला, पर आमी कुठं पळाव?"

जखम पुसताना चिमट्याला काहीतरी लागलं. ओढलं तर पांढरा, ताठ धागा, बोटाच्या पेराएवढा. मी बारा महिने ती जाळी कापली आहे. डोळे मिटूनही ओळखेन.

"मच्छीच्या जाळ्यातला तंगूस असल्यावानी हे काय निघून राहिलं वं बाई?" जयवंताने विचारलं.

"टाका आहे," मी म्हटलं. "कधी कधी बाहेर येतो."

"मंग तो मले द्या."

"कशाला? घाण आहे ती."

"आमच्याच आंगातली हाय ना? द्या."

तिने तो धागा कागदात घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. माझ्या तोंडाकडे मात्र पाहतच राहिली.

एकतीस वर्षांत मी पेशंटशी खोटं बोलले नव्हते. या महिन्यात दोनदा झालं.

३ जानेवारी १९८८, रविवार

देवघर पुसायच्या निमित्ताने डबा काढला. बाळकृष्णाच्या पाटाखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात चिठ्ठ्या. प्रत्येक पाकिटात दोन लेबलं येत. एक पैसे भरणाऱ्याच्या केसपेपरवर लागे. दुसरं मी एका चिठ्ठीवर चिकटवायची, खाली तारीख, ज्याला तुकडा लावला त्याचं नाव आणि गाव. ती चिठ्ठी देवापाशी. वाटायचं, कोणाला नाही तरी त्याला माहीत असावं.

४४१७ च्या चार निघाल्या. चंपतरावाची तिसरी. शेवटची रंभाबाईची, पारशिवनी. तिला मी साफ विसरले होते.

इंदूबाई, माझी मोठी बहीण, मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "काय मोजून राहिली वं?"

"काही नाही. जुन्या चिठ्ठ्या."

"पुण्य मोजून राहिली म्हण की. देवाले वाचता येते, कुसुम. त्याले चिठ्ठी नाई लागत."

डबा पुन्हा पाटाखाली ठेवला.

२२ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांच्या घरी हळदीकुंकू. दरवर्षी मी आत स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधते. या वेळी वहिनींनी मला दिवाणखान्यात सगळ्या बायकांत बसवलं आणि सांगितलं, "या आमच्या कुसुमताई. आमच्या ह्यांना यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं." वाण म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा दिला, बाकीच्यांना वाट्या होत्या. मोठे डॉक्टर, मुकुंदचे वडील, गेल्यापासून इतक्या मानाने कोणी वागवलं नव्हतं. येताना डोळे भरून आले.

२५ जानेवारी, सोमवार

चंपतरावाने वकिलाकरवी नोटीस पाठवली. वकील गोपाळराव, जिल्हा कोर्टात असतात. "आमच्या अशिलाच्या शरीरातून निघालेला धागा आमच्या ताब्यात आहे," असं नोटिशीत आहे, आणि सरकारी दवाखान्यात तो कंपनीने परत मागवलेल्या जाळीचा म्हणून ओळखला गेला असंही. म्हणजे गाठ सोडली जयवंताने.

दुपारी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि स्टूल नाही, खुर्ची दिली. टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. उरलेले तुकडे त्याच दिवशी जाळून टाकले जात, चंपतरावाला जाळी बसवलेलीच नाही, त्याचं ऑपरेशन टाके घालून झालं, असा मजकूर.

"हे खरं नाही, मुकुंद," माझ्या तोंडून एकेरीच निघालं.

"केसपेपर तेच सांगतो, कुसुमताई. मी नवीन काही लिहिलेलं नाही. हे बंद पडलं तर गरिबांची ऑपरेशनं बंद पडतील. बाबांनी उभं केलंय हे."

सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

त्यात एक वाक्य आहे: "ओ.टी.तील जाळ्या व तत्सम साहित्य सर्वस्वी माझ्या एकटीच्या ताब्यात व माझ्या निर्णयाने वापरले जाई." इतक्या वर्षांनी हे कोणीतरी स्टँपपेपरवर लिहिलं. खोट्या कागदातलं ते एक वाक्य वाचून मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

२६ जानेवारी

सुट्टी. झेंड्याला गेले नाही. अंगात कणकण आहे असं इंदूबाईला सांगितलं. नव्हती.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मला ओ.टी.तून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं आहे. चादरी मोजायच्या, गाऊन शिवायचे. डॉक्टर म्हणाले, "खूप उभं राहिलात, आता बसा." नवी सिस्टर किल्ल्या घ्यायला आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. नवखी आहे, लाजत असेल.

काम हलकं आहे. डॉक्टरांनी माझा विचार केला.

२० फेब्रुवारी, शनिवार

चंपतरावाला ताप भरला म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवलंय, असं कपडे नेणाऱ्या शालिकरामकडून कळलं. तो त्यांच्याच गावचा. सुट्टी होताच गेले. कशासाठी जातेय ते मला सांगता आलं नसतं. चार संत्री घेतली.

खाटेवर तो निम्मा झालाय. जयवंता खाली बसून भाकर खात होती, उठली नाही. "कंपनीनं कागद वापस पाठोला," ती म्हणाली. "लेबल नाई म्हणे. अन् तुमच्या दवाखान्यानं लिहून देलं का जाळी लावलीच नाई. मंग याच्या पोटात काय देवानं विणलं?"

चंपतराव तिला म्हणाला, "चूप वं. बाईनं काय केलं? बाई तं चांगली हाय." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "ताई, तुमाले एक सांगतो. रागवू नका. तुमी सांगतलं होतं ना, तीन महिने वजन नोको उचलू म्हणून? म्या दोन महिन्यातच पोतं उचललं. मिलवाला दुसरा माणूस ठेवून राहिला होता. त्याच्यानंच बिघडलं असंन. तुमची मेहनत वाया घालवली म्या. हिले अजून नाई सांगतलं."

जयवंताचा घास हातातच राहिला. "काहून नाई सांगतलं?"

"शरम वाटे."

मी संत्री खाटेवर ठेवली आणि निघाले. जिन्यात भिंतीला धरून उभी राहिले. एक आया म्हणाली, "चक्कर येऊन राहिली का बाई?" मी मान हलवली. चक्कर नव्हती.

२१ फेब्रुवारी

त्याला शरम वाटते.

६ मार्च, रविवार

दोन आठवडे लिहिलं नाही. होळी होऊन गेली. रोज ठरवायची आणि रोज चादरी मोजायची. आज सकाळी आंघोळ करून देवापुढे बसले. हात जोडायचं धैर्य झालं नाही. पाट उचलून डबा घेतला.

इंदूबाई म्हणाली, "कुठं चालली गा... हे बघ, गडबडीत मी तुले गड्यावानी 'गा' म्हणून राहिली. कुठं चालली वं?"

"दवाखान्यात. चिठ्ठ्या परत करायला."

तिने चप्पल पुढे सरकवून दिली.

चंपतरावाच्या खाटेपाशी उभी राहूनच सगळं सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. जाळी भैयाजींची, तुकडा मी कापला, मी पुन्हा ऑटोक्लेव्ह केला, पाकिटावर करू नका असं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. खोट्या कागदावर सहीही माझीच.

चंपतराव छताकडे बघत होता. जयवंता चिठ्ठी उलटीसुलटी करत होती. तिला वाचता येत नाही.

"हे याचं नाव हाय?"

"हो."

"म्हंजे शेटचं उरलेलं आमाले लावलं?"

"हो. फुकट होतं. वाईट हेतू नव्हता."

"उरलेलं असल्याचं काई नाई, बाई. उरलेलं तं आमी रोजच खातो, नेसतो. पर सांगतलं काहून नाई?"

"उपकार वाटू नये म्हणून."

तिने चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. "त्या शेटले सांगतलं?"

"त्याला... सांगितलं होतं."

"देवाले?"

मी चिठ्ठीकडे पाहिलं.

"सब्बाइले सांगतलं," ती म्हणाली. "ज्याच्या पोटात घातलं त्याले सोडून."

एकतीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. त्यात चुकीचा एकही शब्द नव्हता.

८ मार्च, मंगळवार

गोपाळरावांच्या ऑफिसात गेले. साठीचे आहेत, पानाचा डबा टेबलावरच. चारही चिठ्ठ्या त्यांनी भिंगाने पाहिल्या. मग माझं जुनं प्रतिज्ञापत्र काढलं.

"हे वाक्य वाचलं होतं का, बाई? 'माझ्या एकटीच्या ताब्यात व माझ्या निर्णयाने'?"

"वाचलं होतं. माझा मान म्हणून घातलं असेल."

त्यांनी पानाचा डबा बाजूला सारला. "मान नाई, बाई. दोर हाय तो. जाळी सापडलीच, तं डॉक्टर म्हणंन मले माहीतच नाई, बाईनं केलं. तुमाले ओ.टी.तून कवा काढलं?"

"नऊ फेब्रुवारीला."

त्यांनी तारीख लिहून घेतली. वाणाचा स्टीलचा डबा आठवला. त्यात आम्ही साखर भरली आहे.

दुसरं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. पहिलं खोटं होतं असं त्यात लिहावं लागेल, त्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो. शिवाय कंपनी म्हणेल, तुम्ही पुन्हा तापवली म्हणून बिघडली. "मंग आपण म्हणू, ज्याइची पुन्हा तापोलीच नाई, त्या चौघाइची तपासा. त्यातले दोघं बिघडले म्हणतेत. पर निकाल काय लागंन, म्या सांगू शकत नाई."

"बिघडली कशाने? लॉटमुळे की माझ्यामुळे?"

"ते मले काय इचारता, बाई? जाळी तुमी पाह्यली."

मलाही माहीत नाही. आता कदाचित कधीच कळणार नाही.

१० मार्च, गुरुवार

डॉक्टरांना स्वतः सांगितलं. कोर्टाच्या कागदातून कळू नये.

त्यांनी चष्मा काढला. चेहरा अगदी मोठ्या डॉक्टरांसारखा दिसला. "तुम्ही मला अर्ध्या चड्डीत पाहिलंय, कुसुमताई."

"हो. तेव्हा खिडकीची काच फोडली की तुम्ही आधी माझ्याकडे येऊन सांगायचात."

"तेव्हा काच बाबांची होती," ते म्हणाले. मग कागद आवरू लागले. "उद्यापासून घरी आराम करा."

कपड्यांच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. दारात नवी सिस्टर होती. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं.

१४ मार्च, सोमवार

भैयाजींकडे इतवारीत. आपल्याच जाळीतला तुकडा लागला होता, असं लिहून द्यायला ते तयार झाले. सही करताना म्हणाले, "बारा लोकाइले सांगतलं होतं बाप्पा, माह्यामुळं एक गरीब वाचला म्हणून. आता कोन्त्या तोंडानं फिरू?"

"माझंही तेच आहे," मी म्हटलं. त्यांनी चहा मागवला. दोघांनीही तो अर्धाच प्यायला.

१६ मार्च, बुधवार

पारशिवनीला रंभाबाईकडे. बसने अडीच तास. तिला काहीही त्रास नाही, अंगणात मिरच्या वाळवत होती. ओट्यावर बसवून मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली. "एवढ्या दूर हे सांगायले आली वं माय? काई झालं नसतं तं मले कळलंच नसतं."

"म्हणूनच आले."

मग तिचं हसू कमी झालं, हात आपोआप पोटाकडे गेला. मी निघाले तेव्हाही तो तिथेच होता. ही बाई आता रोज रात्री चाचपून पाहील. न सांगणं सोपं का वाटत होतं, ते या हाताकडे पाहून कळलं.

दोन घरं राहिली आहेत.

२४ मार्च, गुरुवार

आज चंपतरावाचं दुसरं ऑपरेशन झालं, सरकारी दवाखान्यातच. जाळी निघाली. चुरगळलेली, खडूसारखी कडक, तीन तुकड्यांत. तिथल्या सर्जननी ती बाटलीत घालून जयवंताच्या हातात दिली, कंपनीला दाखवायला लागेल म्हणून. अर्ज उद्या जाईल. आठवडा हातात आहे.

बाटलीवर नाव हवं होतं. जयवंताने बाटली माझ्यापुढे धरली. "लिहा. तुमची सवय हाय."

टोमणा होता. बरोबर होता. पर्समधून पेन आणि डिंकाची पट्टी काढली आणि लिहिलं.

"आता वाचा," ती म्हणाली. "जोरानं. त्याले आयकू जाऊ द्या."

चंपतराव गुंगीतून नुकता बाहेर येत होता. मी खाटेच्या उशाशी गेले.

"चंपतराव. मौजा रामटेक. जाळी लॉट क्रमांक ४४१७, भैयाजी यांच्या पाकिटातील उरलेला तुकडा. पुन्हा निर्जंतुक करून लावला, सिस्टर कुसुम यांनी. लावला ११ एप्रिल १९८७. काढला २४ मार्च १९८८."

त्याचे ओठ कोरडे होते. मी कापसाने ओले केले. तो काहीतरी पुटपुटला, मी कान खाली नेला.

"मंग... पोत्याचा दोष नोयता?"

"नव्हता," मी म्हटलं. "पोत्याचा नव्हता."

त्याने डोळे मिटले. जयवंता बाटली पदरात गुंडाळत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याले अजून एक डाव सांगा. झोपेत हाय तो, सकाळी भुलून जाईन."

मी पुन्हा सांगितलं.